सोमवारचा शांताराम

मुलुंडला आम्ही राहायचो त्या बिल्डिंगच्या खाली ‘न्यू प्रभात हेअर कटिंग सलून’ होतं. जुनं प्रभात कुठे होतं, किंबहुना होतं की नव्हतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चार खुर्च्या, समोरासमोर आरसे, कोपऱ्यात तुरटीचे खडे, आणि दारालगतच्या पहिल्या खुर्चीमागे शांताराम.

उंच, किडकिडीत, थोडासा पोक काढलेला. डोक्यावर मात्र दाट केसांचं रान. ते मागे वळवून बसवायला त्याला रोज सकाळी इतका वेळ लागायचा की पहिलं गिऱ्हाईक ताटकळत राही. आम्ही बरोबरीचे, त्यामुळे अरे-तुरे. मी चिडून म्हणायचो, “अरे, माझे कापायचेत, तुझे नव्हे.” तो आरशातच माझ्याकडे बघून म्हणायचा, “हलवायाचं तोंड कडू असलेलं चालेल का तुला?”

त्याचा दुकानात एक कायदा होता. तो कात्री चालवत असताना रेडिओ बंद. क्रिकेटची मॅच असो नाहीतर बातम्या, बंद म्हणजे बंद. कात्रीचा आवाज ऐकू आला नाही तर केस कळत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मला ते थोतांड वाटायचं. पण नवीन पोरगा बाजूच्या खुर्चीवर कापत असला की हा पाठमोरा राहूनच सांगायचा, “कात्री बोथट झाली तुझी, चावतेय बघ.” आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक त्याच वेळी मान आखडून घेत असायचं, हेही मी पाहिलंय.

दुसरं त्याचं एक वाक्य होतं. कुणी घाई केली, “आटप रे, गाडी चुकेल,” म्हणालं की तो वस्तरा थांबवायचा. “साहेब, केस परत येतात. कान येत नाही.” मंत्री असो की मवाली, शांतारामपुढे मान खाली घालूनच बसावं लागतं, याचा त्याला मनातून फार आनंद होता. आणि हा आनंद तो लपवतही नसे.

एकदा साताऱ्याकडचा कुणी पाहुणा दाढीला बसला. अनोळखी माणूस, पाच मिनिटं अक्षर बोलला नाही. उठून पैसे पुढे केले तर शांतारामनं त्याचा हात परत ढकलला. “आपल्यात घेत नाहीत.” पाहुणा ओशाळून हसला. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा होता, तो शांतारामनं मघाशीच हेरला होता. न्हाव्यानं न्हाव्याकडून पैसे घ्यायचे नाहीत ही त्यांची रीत. गाव कुठलंही असो, ओळख असो वा नसो. मी म्हटलं, “आमच्या ऑफिसात क्लार्क क्लार्कला चहासुद्धा पाजत नाही.” “म्हणून तर तुमच्यात टक्कल लवकर पडतं,” शांताराम म्हणाला.

दुकान मूळ तात्यांचं. तात्या कुडाळकडचे, आयुष्यभर मुंबईत राहूनही बोलीला पाणी लागू न दिलेले. शांताराम पोरवयात त्यांच्याकडे आला, त्यांच्याच हाताखाली वस्तरा धरायला शिकला. त्यांचा पहिला चेला. तात्यांचा मुलगा मोहन त्याच वेळी शिकत होता, पण त्याचा हात काही बसेना. पुढे तात्या थकले, मोहन मालक होऊन गल्ल्यावर बसला आणि त्याचा मोहनशेठ झाला. शांताराम खुर्चीमागेच राहिला. गिऱ्हाइकांसमोर तो “शेठ” म्हणायचा, शटर खाली आलं की “मोहन्या.” दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे.

तात्या दाराशी स्टुलावर बसून असायचे. शांतारामचा वस्तरा हा त्यांचाच, त्यांनी स्वतःच्या हातानं दिलेला. मी एकदा दाढीला बसलो असताना ते एकाएकी म्हणाले, “शांताराम, माजी शेवटची दाडी तुया करूक व्हयी हां. मोहनाचो हात जड आसा.” उस्तादाची शेवटची दाढी पहिल्या चेल्यानं करायची, अशी रीत होती म्हणे. सगळीकडे होती की त्याच दुकानात, कोण जाणे. शांताराम म्हणाला, “तात्या, आधी आजची तर करू द्या.” मोहनशेठ गल्ल्यावरून हसला. आपला हात जड आहे हे त्यानं कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं.

आता सोमवारचं सांगायला हवं. मुंबईतल्या न्हाव्यांची सुट्टी सोमवारी. रविवारी अख्खं शहर केस कापून घेतं, म्हणून सोमवारी त्यांची पाठ आडवी व्हायची. आमचे वडील, अण्णा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले तेव्हा दाढीचा प्रश्न आला. शांताराम म्हणाला, “सोमवारी येतो की वर.” आणि येत राहिला. आल्यावर आधी चहा, मग अण्णांशी गप्पा, मग दाढी. अण्णांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यांचं बोलणं आम्हाला घरच्यांना समजायचं नाही. शांतारामला समजायचं. निदान तो तसं दाखवायचा, आणि अण्णा त्यावर खूश असायचे.

त्या चहावर त्याच्या धंद्याच्या गोष्टी निघत. आधी म्हणे केस वाढवायची फॅशन आली, तेव्हा देशभरातल्या न्हाव्यांची वाट लागली. मग घरोघरी ब्लेड आली आणि दाढ्या गेल्या. आता एसी पार्लरं निघालीत, तिथे बाया आणि बाप्ये एकाच रांगेत बसतात. चांगले कारागीर दुबई-मस्कतला पळतायत, उत्तरेकडून नवी पोरं येतायत, ती मिळेल त्या पैशात राबतात. “नागपूरला विचार, दिल्लीला विचार, सगळीकडे हेच रडगाणं,” तो सांगायचा. कमाई निम्मी मालकाची, निम्मी कारागिराची. आजारी पडलं की शून्य. गावी महिनाभर गेलं की परत येईपर्यंत खुर्चीमागे दुसराच उभा. “आणि भांडायचं कुणाशी? आम्ही कामगार आहोत हेच कुणाला पटत नाही. मालक म्हणतो भागीदार, सरकार म्हणतं धंदेवाला, गिऱ्हाईक म्हणतं न्हावी.”

अशात मुलुंडच्या मालकांनी ठरवलं की दिवाळीपासून सोमवारीही दुकानं उघडी ठेवायची. पार्लरं सातही दिवस चालतात, मग आपण का मागे राहायचं? कारागिरांनी आळीपाळीनं वाटल्यास अर्धा दिवस सुट्टी घ्यावी. हा ठराव ज्या मालकानं शांतारामला वाचून दाखवला तो मोहनशेठच होता. नजर गल्ल्यात घालून वाचला, एवढं खरं.

कारागिरांची संघटना आधीपासून होती, म्हणजे गणपतीत सत्यनारायण घालण्यापुरती होती. शांताराम तिचा अध्यक्ष, कारण त्याचे केस फोटोत चांगले दिसत. अशी आम्ही थट्टा करायचो. पण या वेळी त्यानं संघटना मारुतीच्या देवळासमोर बसवली आणि संप पुकारला. तोही विचार करून. कुणी म्हणालं, श्रावणातच करायला हवा होता. “श्रावणात अर्धं मुलुंड तसंही दाढी करत नाही. नवरात्रातही नाही. संप करायचा तर दसरा झाल्यावर. दिवाळीचं अभ्यंगस्नान वाढलेल्या केसांवर कोण करणार?”

संपाचा नियमही त्यानंच घातला. संप मिटेपर्यंत कुणीही हत्यार उचलायचं नाही. दुकानात नाही, घरी नाही, सख्ख्या भावाचीही दाढी नाही. जो उचलेल त्याचं हत्यार संघटनेत जमा, कायमचं. न्हाव्याची कात्री-वस्तरा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो, दुकानाचा नव्हे. हत्यार जमा करायचं म्हणजे माणूस धंद्यातून उठला. सुरेश म्हणून एक तरुण कारागीर होता, न्यू प्रभातमध्येच शांतारामच्या शेजारच्या खुर्चीवर. तो म्हणाला, “दादा, कायमचं जरा जास्तच होतंय.” शांताराम म्हणाला, “जास्त असलं तरच पाळतील.”

दिवस गेले तसे मुलुंडमधले पुरुष गबाळे दिसायला लागले. मलाही दाढी आली, आणि ऑफिसात कुणीतरी मला नमस्कार करून आशीर्वाद मागितला. सोमवारी शांताराम नेहमीसारखा वर आला. चहा घेतला. अण्णांनी डावा हात कसाबसा उचलून गालावरून फिरवला, खुंट चांगलेच टोचत होते.

“अण्णा, सध्या हात बांधलेत,” शांताराम म्हणाला.

मला राग आला. अंथरुणावरच्या माणसाला कसला संप? मी तसं बोलूनही दाखवलं. शांताराम मला म्हणाला, “तुझ्या बापाची केली तर उद्या कुणीतरी शेजाऱ्याच्या बापाची करेल. परवा शेठच्या बापाची.” मग अण्णांकडे वळून म्हणाला, “रागावू नका हां.” अण्णा काहीतरी पुटपुटले. शांताराम हसला. मला विचाराल तर त्याचे डोळे भरले होते.

दिवाळी चार दिवसांवर आली आणि मालक नरमले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणी करायची, सोमवारचा ठराव मागे घ्यायचा, असा निरोपही आला. देवळासमोर पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. आणि त्या पहाटे तात्या गेले.

दुकानाच्या मागच्या खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. मी खाली उतरलो तेव्हा मागच्या अंगणात माणसं जमली होती. तात्यांना चटईवर निजवलं होतं. थोड्या वेळानं शांताराम आला. त्याच्या काखेत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं हत्यार होतं. मागोमाग सुरेश आणि आणखी काही कारागीर. सगळे कुंपणाशीच थांबले.

सुरेश हळूच म्हणाला, “तात्यांची कर, दादा. कुणी काही बोलणार नाही.”

शांतारामनं चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला. तात्यांच्या गालांना साबण लावला, आणि जिवंत माणसाची करावी तशी दाढी केली. मध्येच “तात्या, मान जरा इकडे” असंही म्हणाला आणि स्वतःच त्यांची मान वळवली. अंगणात कुणी हुंदका दिला नाही. कात्रीच्या वेळी रेडिओ बंद ठेवायची आम्हाला सगळ्यांनाच सवय होती.

मग भटजी म्हणाले, आता मुलाचं क्षौर. अग्नी द्यायचा तर मोहनशेठचे केस उतरवायला हवेत. दुसऱ्या एका दुकानाचे मालक मशीन घेऊन पुढे झाले. जुने न्हावीच ते, पण गल्ल्यावर बसून बोटं सुजलेली. मोहनशेठनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो पाट उचलून शांतारामसमोर आला, पाट टाकला, त्यावर बसला आणि मान खाली घातली.

शांतारामनं सुरेशकडे पाहिलं. सुरेशनं मान हलवली. नाही.

शांताराम तसाच उभा राहिला. मोहनशेठची मान खालीच. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकलेले, एखाद्या पोरासारखे. वाटीतलं पाणी शांतारामच्या ओंजळीत आलं, मोहनशेठच्या डोक्यावर पडलं, आणि शांतारामनं वस्तरा उचलला. कुंपणाशी उभे असलेले कारागीर एकेक करून निघून गेले. सुरेश शेवटपर्यंत थांबला, पण अंत्ययात्रेला आला नाही.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर सभा बसली. मी ऑफिसला दांडी मारून पारावर जाऊन उभा राहिलो. सुरेशचा आवाज चढलेला होता.

“तात्यांची दाढी केलीस, ती समजली. शेठचं डोकं कशाला केलंस?”

“बाप मेला होता त्याचा.”

“वरचे अण्णा अंथरुणावर पडलेत, त्यांना हात लावला नाहीस. आमची सख्खी माणसं दाढी वाढवून बसलीत. आणि मालकाला लावलास?”

“काल तो मालक नव्हता रे.”

“आज आहे ना?”

सुरेश चुकीचं काही बोलत नव्हता, आणि शांतारामनंही चुकीचं काही केलं नव्हतं, असंच मला वाटत आलंय. मला दोघांचाही राग आला होता.

शांतारामनं काखेतली गुंडाळी काढून पाराच्या कडेला ठेवली. “नियम माझाच आहे,” म्हणाला. दोघं-तिघं पुढे झाले, दादा राहू दे, दंड भर, माफी माग. त्यानं ऐकलं नाही. गुंडाळी तशीच पडून राहिली. शेवटी सुरेशनंच ती उचलली आणि तो रडायला लागला.

बोलणी झालीच नाहीत. नेत्यानंच वस्तरा उचललाय म्हटल्यावर बाकीच्यांना कोण धरून ठेवणार? दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलुंडमधली सगळी दुकानं उघडी होती आणि त्यानंतरच्या सोमवारीही. मोहनशेठ सुतकातच, मुंडण केलेलं डोकं टोपीखाली झाकून, शांतारामच्या खोलीवर गेला. पहिली खुर्ची रिकामी ठेवलीय, म्हणाला. शांताराम म्हणाला, “हात रिकामे आहेत, मोहन्या. खुर्चीमागे उभा राहून काय करू?”

पुढे त्याला विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली. तिथे आठवड्याची सुट्टी होती, तीही पगारी. मिळवायला गेला सोमवार आणि पदरात पडला रविवार. मला म्हणाला, “दिवसभर काय करायचं तेच समजत नाही. बायको म्हणते, पायात घोटाळू नका.” सुट्टी बदलून घेऊन तो सोमवारी आमच्याकडे यायला लागला. पण वस्तऱ्याला त्यानं हात लावला नाही. अण्णांची दाढी मीच करायला लागलो, आणि हा शेजारी बसून शिकवायचा. “कातडी ताण. हात हलका ठेव. कानापाशी थांब, केस परत येतात.” मी दर सोमवारी कुठेतरी कापायचोच. रक्त दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे यायचा आणि मांडीवर परत जायचा. अण्णा जाईपर्यंत हे चाललं.

स्वतःचे केस तो विक्रोळीच्या पुलाखाली, फूटपाथवर बसणाऱ्या एका भय्याकडे कापून घ्यायचा. कुणी ओळखीचं नको म्हणून. पैसे देऊन, कुठल्याही गिऱ्हाइकासारखा. रेडिओ वाजत असायचा म्हणे. ते केसांचं रान हळूहळू वेडंवाकडं होत गेलं.

संपानं जे दिलं नाही ते दुबईनं दिलं. चांगले कारागीर इतके निघून गेले की उरलेल्यांना टिकवण्यासाठी मालकांनी पुन्हा सोमवार बंद केला. त्यासाठी सभा झाली नाही की ठराव झाला नाही, एके सोमवारी दुकानं उघडलीच नाहीत. न्यू प्रभातमध्ये पहिल्या खुर्चीमागे आता सुरेश होता. बाकीच्या बऱ्याच कारागिरांसारखा तोही दुकानातच झोपायचा.

अण्णा गेल्यावर शांताराम फारसा दिसत नसे. संपाला दहा वर्षं होता होता, एका सोमवारी, तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. पिकला होता, पोक वाढलं होतं. पत्रिका देऊन झाली, चहा झाला. जिन्यात उतरताना म्हणाला, “खाली एक द्यायची आहे. चल ना जरा माझ्याबरोबर.”

शटर अर्धं वर होतं. आम्ही वाकून आत गेलो. सुरेश बनियनवर भाकरी खात बसला होता. तो उठला, हात धुतले, पत्रिका कपाळाला लावली. मग तो शांतारामच्या डोक्याकडे बघत राहिला.

“या असल्या डोक्यानं कन्यादान करणार?”

“काय वाईट आहे?”

“दादा, बस.”

“अरे, आज सोमवार.”

“बस म्हणतो ना.”

शांताराम पहिल्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत बसलेला मी त्याला प्रथमच पाहत होतो. आरशात बघवेना म्हणून की काय, त्यानं मान खाली घातली. सुरेशनं कोपऱ्यातला रेडिओ बंद केला. खालच्या खणातून एक गुंडाळी काढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातली. कात्रीला तेल-पाणी मिळत असावं, गंजाचा ठिपका नव्हता. सुरेशनं ती एकदा हवेत चालवली. शांतारामनं डोळे मिटले.

सुरेशनं घाई केली नाही. कापून झाल्यावर त्यानं मानेवरची पावडर झटकली, कात्री पुसून पुन्हा त्याच तुकड्यात गुंडाळली आणि खणात ठेवून दिली. शांताराम उठला. त्यानं सवयीनं शर्टाच्या खिशात हात घातला.

“किती झाले रे?”

सुरेशनं त्याचा हात खिशातून बाहेर येऊच दिला नाही, वरूनच दाबून धरला.

“आपल्यात घेत नाहीत.”

शांतारामनं छातीवरचा सुरेशचा हात तसाच राहू दिला. मग तो शटरखालून वाकून बाहेर पडला आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागला. मी त्याला पाठमोरा पाहत होतो. मानेवरची रेघ सरळ आली होती. कोपऱ्यावर पानवाल्याच्या आरशापाशी तो थांबला, खिशातून कंगवा काढला आणि केस मागे वळवून बसवू लागला. पानवाल्याची गिऱ्हाइकं ताटकळली, तरी तो हलला नाही.